टेनिस एल्बो सुट्टीत बरा होतो आणि कामावर गेलं की परत का येतो

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. तुम्ही असेंब्ली लाईनवर पॉवर स्क्रूड्रायव्हर चालवता, आठ महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखतंय, दोनदा दोन-दोन आठवडे सुट्टी घेतली, दोन्ही वेळा बरं वाटलं आणि कामावर गेल्यावर चार-पाच दिवसांत परत तेच. एक इंजेक्शन झालंय, त्यावर दीड महिना छान गेला आणि मग आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. आता महिनाभरापासून अंगठ्याच्या मुळाशी मनगटातही कळ येते म्हणून बरंचसं काम डाव्या हाताने ढकलताय. आणि विचारताय की हे कायमचं झालं का, दुसरं इंजेक्शन घेऊ का, की हे काम सोडूनच देऊ.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १७ वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी वर्षं हाताच्या दुखण्याचेच पेशंट बघतेय. तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा माझं लक्ष तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्याकडे गेलं, की सुट्टी संपली त्या दिवशी तुम्ही सरळ पूर्ण शिफ्टला उभे राहिलात. दोन्ही वेळा. एक दिवस शून्य लोड आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण टार्गेट, मधे एकही पायरी नाही. माझ्या मते तुमचं दुखणं इथे अडकलंय. कायमचं झालंय असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही, आठ महिने या दुखण्यात फार विचित्र नाहीत, टेनिस एल्बो वर्षभर रेंगाळलेला मी कितीतरी वेळा बघितलाय आणि तेही लोक बरे झालेत.

पण मी तुमचा हात बघितलेला नाही, त्यामुळे आधी काही गोष्टी तपासून घ्या कारण यातलं काही असेल तर माझं पुढचं सगळं उत्तर बदलतं. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर मनगटातली नस दबतेय. दुखणं मानेपासून खाली उतरतं, मान वळवली की वाढतं, तर आधी मान तपासायला हवी. सकाळी दोन्ही हातांचे सांधे तासभर आखडलेले राहतात, सुजतात, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. एखादं बोट किंवा अंगठा अचानक सरळच होत नाहीये, किंवा बोट लाल, गरम, फुगलेलं आणि सोबत ताप, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि शुगर आणि थायरॉइड एकदा बघून घ्या, डायबिटीस असलेल्यांचे टेंडन जास्त कुरकुर करतात आणि बरे व्हायलाही वेळ घेतात. गेल्या काही महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीचं अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ती औषधं टेंडनला त्रास देऊ शकतात.

हे काही नाही असं धरून पुढे लिहिते.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पुस्तकात कंडरा म्हणतात. बहुतेकांना वाटतं की तिथे सूज आलीय, सूज उतरली की झालं, म्हणून गोळ्या, बर्फ, आराम. पण १९७९ साली नर्शल आणि पेट्रोन या दोन सर्जननी टेनिस एल्बोच्या ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा सूज असताना ज्या पेशी दिसायला पाहिजेत त्या जवळजवळ नव्हत्याच. दिसले ते विस्कटलेले कोलॅजनचे, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे, तंतू आणि भलतीकडे वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणजे दोरीची वीण बिघडलीय, दुरुस्ती सुरू झाली पण नीट पुरी झाली नाही, असं ते चित्र आहे. सुरुवातीच्या दिवसांत थोडी सूज असतेही, पण आठ महिन्यांनी सूज मारायच्या गोळ्या खाऊन वीण सुधारणार नाही.

आता ही वीण सुधारते कशी तर लोडने, आणि बिघडतेही लोडनेच, हेच लोकांना पटायला जड जातं. टेंडनवर चांगला जोर आला की पुढचे साधारण २४ ते ३६ तास त्यात तुटणं जास्त आणि बांधणं कमी चालतं, मग हिशोब उलटतो आणि ७२ तासांपर्यंत बांधणं वरचढ राहतं. तुम्ही रोज तोच जोर देताय, म्हणजे बांधकामाची वेळ यायच्या आधीच पुन्हा तोडायला सुरुवात. उलट सुट्टीत जोरच नाही, त्यामुळे टेंडन शांत होतो, दुखायचं थांबतो, पण त्याला मजबूत व्हायला कोणी सांगतच नाही. दोन आठवड्यांच्या आरामानंतर तुमचा टेंडन कमी दुखत होता आणि त्याच वेळी आधीपेक्षा थोडा कमजोरही झाला होता, आणि त्याच्यावर तुम्ही पूर्ण शिफ्ट टाकलीत.

इंजेक्शनचंही असंच आहे. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, टेनिस एल्बोचे १८५ पेशंट, तीन गट, एकाला स्टिरॉइड इंजेक्शन, एकाला फिजिओथेरपी, एकाला नुसतं थांबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के लोक खूश होते, बाकीचे गट कुठेच नव्हते. आणि ५२ आठवड्यांनी? इंजेक्शन गट ६९ टक्के, फिजिओथेरपी ९१, आणि काहीच न केलेले ८३. तुमचा दीड महिना छान जाणं आणि मग घसरणं अगदी याच चालीने गेलंय. म्हणून कोपरात दुसरं इंजेक्शन घ्यावं असं मला वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांना कारण विचारा, त्यांनी हात बघितलाय, मी नाही, पण "लवकर कामावर जाता येईल" एवढंच कारण असेल तर तेवढ्यासाठी घेऊ नका.

बोटांनी काम करतो आणि दुखतं कोपरात, हे कसं, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता करून बघा. डाव्या हाताचं मनगट पूर्ण आत वाकवा आणि मूठ आवळा, जोर लागतच नाही. आता मनगट थोडं मागे घेऊन आवळा, लगेच जोर येतो. म्हणजे पकड घट्ट व्हायला मनगट मागे धरून ठेवावं लागतं आणि ते धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडावरून निघतात. उजव्या हाताची बोटं डाव्या कोपराच्या खाली मागच्या बाजूला ठेवून मूठ आवळलीत तर तिथला स्नायू कडक होताना लागेल. तुम्ही ट्रिगर दाबून टूल धरता तेव्हा दर वेळी कोपरावरची ती दोरी ताणली जाते, आणि स्क्रू पूर्ण बसला की टूल हाताला जो उलटा झटका देतं तोही मनगट सावरताना तिच्याच वाट्याला येतो. भरलेली बाटली उचलताना, दाराची मूठ फिरवताना कळ येते तीही याचमुळे.

अंगठ्याकडचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि त्याला कोपराचे नियम लावू नका. तिथे अंगठ्याचे दोन टेंडन मनगटाच्या हाडावरच्या एका अरुंद बोगद्यातून जातात, तो बोगदा जाड झाला की घासतात. स्विस सर्जन डी क्वेर्वेन यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं, अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की हाडावर नेमकी जोरात कळ, ही त्याची खूण, पण ही टेस्ट एकदाच करा. मी बघितलेत लोक दिवसातून दहा वेळा "आज कमी झालं का" म्हणून करून बघतात आणि त्यानेच दुखणं जागं ठेवतात, शिवाय जोरात केली तर चांगल्या हातातही दुखतं. दुखण्याची जागा मनगटापासून चार बोटं वर असेल आणि अंगठा हलवताना तिथे करकर जाणवत असेल तर तो प्रकार अजून वेगळा, पण सुरुवातीचं वागणं साधारण तेच.

इथे अंगठ्यासकट मनगट धरणारा स्प्लिंट तीन ते सहा आठवडे खरंच उपयोगी पडतो, नुसता मनगटाचा पट्टा नाही, अंगठा मोकळा राहिला तर काही अर्थ नाही. रोज दोन-तीनदा काढून अंगठा हलकेच, न दुखेल इतका हलवा म्हणजे आखडणार नाही. आणि इथे इंजेक्शनबद्दल माझं मत कोपराच्या उलट आहे, स्प्लिंटने फरक पडला नाही तर बोगद्यात दिलेलं एक इंजेक्शन पुष्कळांना कायमचं सोडवतं. जागेवरची त्वचा थोडी फिकी पडू शकते आणि डायबिटीस असेल तर काही दिवस शुगर वर जाते, हे आधी माहीत असू दे. माझा अंदाज असा की कोपर दुखायला लागल्यावर तुम्ही टूल धरायची पद्धत बदललीत, अंगठ्याने मागून रेटायला लागलात आणि मनगट करंगळीकडे झुकवून स्क्रूपर्यंत पोचता. असं असेल तर अंगठ्याचं दुखणं कोपर वाचवताना आलंय. नक्की तपासा, कोणाला तरी मोबाइलवर तुमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःचे हात बाजूने बघितले की खूप काही कळतं.

डाव्या हातावर काम टाकण्याबद्दल पण सांगते. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, पुढे त्यात लेखनिकांबद्दल भर घातली. त्यात त्यांच्या ओळखीचा एक नोटरी आहे, लिहून लिहून उजवा हात निकामी झाला म्हणून तो डाव्याने लिहायला शिकला आणि थोड्याच काळात डाव्याचंही तेच झालं. मी हे पेशंटना नेहमी सांगते. डावा हात हा काही दिवसांचा आधार आहे, उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आता व्यायाम. कोपरासाठी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हलवायचं नाही, नुसतं धरायचं. टेबलावर हात टेकवा, कोपर काटकोनात, तळवा खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर, हातात अर्धा ते एक किलो वजन, मनगट सरळ धरून ३० ते ४५ सेकंद, मधे मिनिट-दोन मिनिटं थांबून असं चार-पाच वेळा, रोज चालेल. स्प्लिंटमुळे किंवा अंगठ्याच्या कळेमुळे वजन धरता येत नसेल तर दुसऱ्या हाताने मुठीच्या मागच्या बाजूवर दाब देऊन तेवढाच वेळ रोखून धरा. मग हळूहळू वर-खाली, वर न्यायला तीन सेकंद, खाली आणायला चार, दहा ते पंधरा वेळा, तीन सेट, आणि हे एक दिवसाआड कारण आता जोर जास्त आहे आणि वर सांगितलेला बांधकामाचा वेळ त्याला द्यायचाय. जमलं की एक-दोन आठवड्यांनी अर्धा किलो वाढवा. त्यानंतर तेच कोपर सरळ ठेवून, आणि शेवटी टॉवेल पिळण्यासारखं फिरवणं, कारण कामात तुम्हाला पकड आणि पीळ दोन्ही एकदम लागतात. खांद्याचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायामही सोबत करा, खांदा दमला की माणूस मूठ जास्त आवळतो, त्याच्यावर इथे फार लिहीत नाही.

किती दुखलं तर चालेल हा प्रश्न हमखास येतो. शून्य ते दहा मध्ये तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालेल, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्या सकाळीइतकंच असलं पाहिजे. सकाळी वाढलेलं असेल तर वजन कमी करा, व्यायाम बंद नका करू. किमान बारा आठवडे धरून चाला. तीन आठवड्यांत काही वाटलं नाही म्हणून सोडणारे माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात आणि मला खरंच वाईट वाटतं कारण बदल बहुधा त्यानंतरच दिसायला लागतो.

पण नुसत्या व्यायामाने तुमचं भागणार नाही, कारण वीस मिनिटं व्यायाम आणि आठ तास तोच झटका हा सामना बरोबरीचा नाही. १९८७ साली अमेरिकेत ६५२ कामगारांवर एक अभ्यास झाला होता. ज्यांच्या कामात जोरही जास्त आणि तीच हालचाल परत परत, त्यांच्यात हात-मनगटाच्या टेंडनचं दुखणं दोन्ही कमी असलेल्यांच्या तुलनेत २९ पट होतं. तशा अभ्यासांत एक काम पूर्ण व्हायला ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागत असेल तर ते वारंवारितेचं काम धरतात, तुमचं बहुधा त्यातच बसतं. यातली चांगली बाजू अशी की वेग तुमच्या हातात नसला तरी जोर कमी करता येतो, आणि जोर आणि वारंवारिता यातलं एक कमी झालं तरी धोका बराच उतरतो.

म्हणून मी प्रत्येकाला विचारते की दुखायला लागलं त्याच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत कामात काय बदललं. लोक आधी म्हणतात काही नाही. मग आठवतं. माझ्याकडे एक पेशंट होते, तुमच्यासारखंच काम, तीन महिने आम्ही व्यायाम करतोय आणि गाडी पुढे सरकत नाही, शेवटी मी त्यांना त्यांचं टूल कसं धरता ते दाखवा म्हटलं आणि बोलता बोलता कळलं की स्क्रूड्रायव्हरचा बिट, म्हणजे स्क्रूत बसणारं टोक, झिजला तरी महिनोन्‌महिने तोच वापरत होते. झिजलेला बिट स्क्रूच्या खाचेतून निसटतो, तो निसटू नये म्हणून माणूस टूल दाबून धरतो, दाबायचं तर मूठ आवळावी लागते, आणि हे दिवसात शेकडो वेळा. बिट ठरलेल्या दिवशी बदलायला लागल्यावर पुढच्या महिन्यात त्यांचं दुखणं जेवढं उतरलं तेवढं त्याआधीच्या तीन महिन्यांत उतरलं नव्हतं. मला तेव्हा फार लागलं मनाला, की हा प्रश्न मी पहिल्या दिवशी का नाही विचारला.

तर तुम्ही हे बघा. बिट कधी बदलतात. टूलचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, स्क्रूला लागतो तेवढाच सेट आहे की जास्त, कारण जास्त टॉर्क म्हणजे शेवटचा झटका जास्त. झटका हाताऐवजी स्टँडने खावा अशी टॉर्क आर्म असते, ती तुमच्या स्टेशनला बसवता येईल का. टूल वरून बॅलन्सरला लटकवलंय की त्याचं वजन तुम्हीच दिवसभर पेलताय. स्क्रू आडव्या पृष्ठभागावर वरून खाली मारायचे असतील तर सरळ दांड्याचं टूल बरं, समोरच्या उभ्या पृष्ठभागावर मारायचे तर पिस्तुलासारखं बरं, उलटं असेल तर मनगट वाकवूनच काम करावं लागतं. मग टेबलाची उंची, आणि ग्लोव्हज. जाड किंवा मोठ्या मापाचे ग्लोव्हज घातले की तीच पकड ठेवायला जास्त आवळावं लागतं.

सुपरवायझरशी बोलताना "मला दुखतंय, हलकं काम द्या" एवढंच म्हणू नका, त्याच्याकडे त्यावर करण्यासारखं काही नसतं आणि तुमच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसायची भीती असते. "या स्टेशनला टॉर्क आर्म लावता येईल का, बिट दर आठवड्याला बदलता येईल का, आणि सहा आठवडे मला दोन तासांनी दुसऱ्या स्टेशनवर फिरवता येईल का" असं नेमकं मागा, डॉक्टरांच्या चिठ्ठीतही हेच शब्द लिहून घ्या. फिरवताना दुसरं स्टेशन खरंच वेगळं हवं, तिथेही मूठ आवळूनच काहीतरी करायचं असेल तर फक्त जागा बदलली, टेंडनला काही कळलं नाही. आणि टार्गेट हुकेल या भीतीने माणूस न कळत जास्त आवळतो, हे मी रोज बघते. रामाझ्झिनींनीही लेखनिकांच्या दुखण्याच्या कारणांत चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण वेगळा मोजला होता. शिफ्टमध्ये मधूनमधून थांबून बघा, टूल पडू नये एवढीच पकड पुरते का, बहुतेक वेळा निम्म्या जोरात काम होतं.

परत कामावर जायच्या पायऱ्या मी साधारण अशा लावते: पहिल्या आठवड्यात स्क्रूड्रायव्हरवर दिवसाला दोन तास, तेही सलग नाही, बाकी वेळ दुसरं काम. दुसऱ्या दिवशी सकाळचं दुखणं वाढलं नाही तर पुढच्या आठवड्यात तीन तास, मग चार, असं सहा-सात आठवड्यांत पूर्ण. मधे एखादा आठवडा पुढे जाता येणार नाही, तिथेच थांबायचं, मागे शून्यावर जायचं नाही. ओव्हरटाइम या काळात नकोच. हे सगळ्यांना मिळत नाही मला माहितेय, कामाच्या ठिकाणी किती ऐकलं जातं यावर बरंच अवलंबून आहे. अजिबातच काही बदलता येत नसेल, तेच टूल, तोच वेग, फिरवणं नाही, आणि नीट बारा आठवडे करूनही फरक पडला नाही, तर काम बदलायचा विचार करणं योग्य आहे आणि त्यात तुमचा काही कमीपणा नाही. पण आज, यातलं काहीच करून बघितलेलं नसताना, सोडू नका.

कोपराखालचा पट्टा वापरत असाल तर दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या दोन-तीन बोटं खाली स्नायूवर बांधा, कामापुरता, झोपताना काढा. हाताला मुंग्या आल्या तर घट्ट झालाय. वस्तू उचलताना तळवा वर ठेवून उचला, त्याने कोपरावरचा ताण लगेच कमी होतो, घरी याचा फार फायदा होतो.

तर क्रम असा धरा: आधी वरच्या धोक्याच्या खुणा आणि शुगर तपासणं, अंगठ्याला स्प्लिंट, कोपराला धरून ठेवायचे व्यायाम, त्याच आठवड्यात व्हिडिओ आणि सुपरवायझरशी बोलणं, आणि मग तासांच्या पायऱ्या.

मला परत लिहाल तेव्हा तीन गोष्टी नक्की लिहा: दिवसाला अंदाजे किती स्क्रू मारता, आठ महिन्यांपूर्वी टूल, टेबल किंवा टार्गेट यातलं काय बदललं होतं, आणि कोपर सरळ ठेवून भरलेली बाटली तळवा खाली धरून किती सेकंद पेलता येते. हा सेकंदांचा आकडा आज लिहून ठेवा आणि दर रविवारी एकदाच मोजा, म्हणजे पुढचं वजन कधी वाढवायचं ते मला त्यावरून सांगता येईल.